मुका ध्वनिवर्धक

दिवाळी होऊन गेली होती, भाताचीं खळीं उरकत आलीं होतीं, आणि जव्हारच्या थंडीनें संध्याकाळीं अंगावर शाल घ्यावयास लावलें होतें. अशा एका संध्याकाळीं तेथल्या एका शाळेच्या सभागृहांत तारपा आणि गिटार ह्यांचें एकत्र वादन ऐकावयास आम्ही मंडळी जमलों होतों. तारपा हें त्या डोंगरांतलें वाद्य. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढाच त्याचा संसार. जव्हार तालुक्यांतील वाळवंडे गांवचे वृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाल्यापासून शहरांतल्या पुष्कळ घरांत ह्या वाद्याचें नांव तरी पोंचलें आहे. तारप्याला वादकाचा दम लागतो, दुसरें कांहीं लागत नाहीं. विजेच्या गिटारचें तसें नाहीं. तिच्या तारांचा मूळ आवाज शेजारच्या खोलींतहि पोंचावयाचा नाहीं. तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार हलली कीं त्यांत इवलीशी वीज उत्पन्न होते, आणि ती ध्वनिवर्धकानें अनेक पटींनीं वाढवावी तेव्हां कोठें आवाज सभेंत पोंचतो. त्या संध्याकाळीं तारपा तयार होता, गिटार सुरांत लावलेली होती, आणि ध्वनिवर्धक मात्र मुका. खटका दाबला, तर त्याचा तांबडा दिवाच लागेना.

एका गृहस्थांनीं खिशांतून टेस्टर काढला आणि भिंतीवरच्या सॉकेटांत घातला. टेस्टरांतला दिवा तांबूस पेटला. “करंट आहे. यंत्र गेलें,” असा निकाल त्यांनीं दिला व आम्ही सर्वांनीं तो शिरसावंद्य मानला, त्यांत मीहि होतों. तारपा एकटाच वाजला, आणि फार सुंदर वाजला. दुसऱ्या दिवशीं तो पंधरा-वीस किलोंचा ध्वनिवर्धक पोत्यांत गुंडाळून एस. टी.नें मोखाड्यावरून, तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकेश्वरमार्गें नाशिकला गेला. जव्हारहून नाशिक सुमारें ८० किलोमीटर. तेथल्या कारागिरानें यंत्र टेबलावर ठेवलें, वायर जोडली, खटका दाबला, आणि दिवा लागला! यंत्र ठणठणीत होतें. कारागीर भला माणूस; त्यानें पैसे घेतले नाहींत, वर चहा पाजला. ध्वनिवर्धक त्याच वाटेनें परत आला, त्याच सॉकेटाला जोडला, आणि पुन्हां मुका झाला.

दोष होता भिंतींतल्या एका सैल स्क्रूचा. तो कसा, हें सांगण्यापूर्वीं आपली विचार करण्याची रीत कोठें चुकली तें पाहूं. यंत्र बंद पडलें कीं आपण एकदम विचारतों, “ह्याला काय झालें?” त्याऐवजीं “वीज कोठपर्यंत येऊन थांबली आहे?” असें विचारलें असतें तर आम्ही भिंतीपासून निघून एकेक ठाणें तपाशीत यंत्राकडे आलों असतों. आम्ही यंत्रापासून निघालों आणि थेट नाशिक गांठलें.

प्रथम एक भेद लक्षांत घ्यावा. यंत्र निर्जीव असणें वेगळें आणि तें निःशब्द असणें वेगळें. दिवा लागला आहे, कान लावला असतां बारीक गुणगुण ऐकूं येते, व्हाल्व्हचें यंत्र असल्यास मागच्या जाळींतून व्हाल्व्हच्या पोटांत नारिंगी उजेड दिसतो, आणि तरीहि गिटार वाजत नाहीं, तर तें यंत्र निर्जीव नव्हे. त्याचा आजार निराळा. पुष्कळ व्हाल्व्हच्या ध्वनिवर्धकांस दोन खटके असतात. एक मुख्य, आणि दुसरा ‘स्टँडबाय’. दुसरा मिटलेला राहिला तर व्हाल्व्ह तापतात, दिवा लागतो, पण आवाज निघत नाहीं. अशा वेळीं वायर व खटके पाहावेत, आवाजाची कळ शून्यावर तर नाहीं ना तें पाहावें, आणि गिटारची वायर बदलून पाहावी. आजचें भाषण दिवाच न लागणाऱ्या यंत्राविषयीं आहे.

आतां भिंतीकडे वळूं. वीज घरांत दोन तारांनीं खेळते. एक फेज, म्हणजे येणारी. दुसरी न्यूट्रल, म्हणजे परतीची. एस. टी.ची गाडी जव्हारला आली पण परतीचा रस्ता दरडीनें बंद झाला, तर दुसऱ्या दिवशीं गाडी येणार कोठून? विजेचेंहि तसेंच आहे. परतीची वाट तुटली कीं प्रवाह थांबतो. येणाऱ्या तारेंत दाब मात्र पुरता उभा असतो. आणि आपला खिशांतला टेस्टर पाहतो तो केवळ हा दाब. त्याच्या दांड्यांत एक फार मोठा रोध आणि निऑन वायूचा इवला दिवा असतो. आपलें बोट मागच्या टोंकास लागलें कीं आपल्या शरीरांतून अगदीं क्षीण प्रवाह जमिनीकडे जातो व दिवा उजळतो. म्हणजे परतीची वाट टेस्टर सॉकेटांतून घेतच नाहीं, ती तो आपल्या अंगांतून घेतो! म्हणून न्यूट्रल तुटलेलें असतांहि तो आनंदानें पेटतो. साक्षीदार खोटें बोलला नव्हता. त्याला अर्धेंच ठाऊक होतें आणि आम्हीं त्याच्याकडून पुरी साक्ष घेतल्याचें समाधान मानलें. त्या सभागृहांत न्यूट्रलची तार सॉकेटच्या मागें स्क्रूंतून सुटून लोंबत होती. दोन्ही भोकांत टेस्टर पेटूं लागला तर न्यूट्रल गेल्याचा संशय बळकट धरावा. कारण यंत्राचा खटका चालू असतां फेज त्याच यंत्रांतून फिरून दुसऱ्या भोकापर्यंत येऊन थांबलेली असते.

तेव्हां सॉकेटाची परीक्षा टेस्टरनें संपवूं नये. टेबलाचा दिवा आणून लावावा. आणि मिळाल्यास तारेचा जुना बल्ब असलेला. आतां आपण म्हणाल कीं मोबाईलचा चार्जर लावला तर काय बिघडलें? बिघडलें असें नाहीं, पण चार्जर फार सोशीक असतो. त्याच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें आढळेल. आपल्याकडे घरांत २३० व्होल्ट अपेक्षित आहेत. विजेच्या लाइनीच्या शेवटच्या टोंकास असलेल्या एखाद्या पाड्यावर सायंकाळीं ते दीडशेंपर्यंत उतरले तरी चार्जर कुरकुर करीत नाहीं. तारेचा बल्ब मात्र लगेच पिवळा पडून खरें सांगतो. नव्या धर्तीचीं कांहीं यंत्रें एवढ्या कमी दाबावर चालू होण्याचें सरळ नाकारतात. त्यांत दोष यंत्राचा नसतो.

दिवा नेहमींपेक्षां डोळे दिपवील इतका प्रखर पेटला तर मात्र कसलीहि परीक्षा न करतां सर्व प्लग काढावेत. रस्त्यावरच्या तीन फेजच्या लाइनीचें सामाईक न्यूट्रल तुटलें म्हणजे एका घरांत दाब पडतो आणि दुसऱ्या घरांत तो ४०० व्होल्टांकडे चढतो. एकाच आळींत एकाच रात्रीं चार घरचीं यंत्रें गेलीं असें ऐकलें कीं बहुधा हाच प्रकार असतो. तेथें लाइनमनला बोलवावें. स्क्रूड्रायव्हर घेऊन खांबाकडे निघूं नये.

सॉकेट बरा निघाला तर पुढचें ठाणें वायरीचें. एक्स्टेन्शन बोर्ड मध्यें असेल तर तो वगळून पाहावा. समारंभांत शंभर पायांखालीं आणि खुर्च्यांखालीं तुडवला जाणारा तो गरीब प्राणी असतो. बहुतेक ध्वनिवर्धकांची वायर सुटी असते व तिचें टोंक संगणकाच्या वायरीसारखेंच असतें. घरांत संगणक असेल तर त्याची वायर काढून लावावी. दोन मिनिटांत वायरीचा निकाल लागतो. ती खांचेंत पुरती बसली आहे कीं नाहीं हेंहि दाबून पाहावें. जव्हार-मोखाड्याकडे धान्याच्या खोलींत ठेवलेल्या सामानाच्या वायरी उंदीर सोलतात. उंदरानें सोललेली वायर चिकटपट्टी लावून वापरूं नये, ती टाकून द्यावी.

ज्यांचें यंत्र अडॅप्टरवर चालतें त्यांनीं अडॅप्टरवर व यंत्रावर छापलेले व्होल्ट आणि धन-ऋण टोंकांची खूण जुळते का तें पाहावें. टोंक खांचेंत बसलें म्हणजे जमलें असें होत नाहीं.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या घरांसाठीं. अमेरिकेंतून येणारे भाचे-पुतणे हौसेनें ध्वनिवर्धक आणतात. तिकडची वीज १२० व्होल्टांची. मागच्या पाटीवर ‘१२० व्होल्ट, ६० सायकल’ असें असेल आणि दाब निवडण्याचा खटका नसेल, तर तो आपल्या भिंतीला थेट लावणें म्हणजे त्याला दुप्पट दाबानें चिरडणें होय. दैव बरें असेल तर फ्यूज जळून यंत्र वांचतें. मध्यें पुरेशा शक्तीचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो.

आतां फ्यूज. ह्या ठाण्यावर मला थोडें थांबावयाचें आहे. वायर जेथें यंत्रांत शिरते तेथेंच बहुधा एक लहानसा खण किंवा फिरकीचें झांकण असतें. प्लग भिंतींतून काढून, खटका मिटला आहे एवढ्यावर विश्वास न ठेवतां, तें झांकण उघडावें. आंत २० मिलिमीटर लांबीची कांचेची नळी आणि तींत केसासारखी तार दिसेल. तार मधोमध स्वच्छ तुटली असेल तर ती वयानें किंवा एखाद्या क्षणिक झटक्यानें गेली असावी. पण कांच आंतून काळी झाली असेल, किंवा तिच्यावर रुपेरी मुलामा चढला असेल, तर प्रवाह प्रचंड वेगानें लोटला होता. यंत्रांत कोठेंतरी आडवाट फुटली आहे असें समजावें. कधीं कधीं तार डोळ्यांना शाबूत दिसते आणि टोपणाखालीं तुटलेली असते, म्हणून शक्य असल्यास मल्टिमीटरनें ती तपासावी.

नवी नळी बसवितांना जुनीवर कोरलेला आंकडा आणि अक्षर जुळवावें. ‘टी’ अक्षर असेल तर ती सावकाश जळणारी, ‘एफ’ असेल तर झटकन जळणारी. खटका दाबतांच ट्रान्सफॉर्मर क्षणभर मोठा घोट घेतो. तेवढ्यानें जळूं नये म्हणून ध्वनिवर्धकांत बहुधा सावकाश जळणारी घालतात. आंकड्याचा हिशेबहि सोपा आहे. १०० वॉट घेणारें यंत्र २३० व्होल्टांवर सुमारें ०.४३ अँपिअर प्रवाह ओढतें. तेंच १२० व्होल्टांवर ०.८३ ओढील. म्हणून परदेशांत खालच्या दाबावर वापरलेलें यंत्र आपल्याकडच्या दाबावर वळवून घेतलें तरी त्यांतला जुना फ्यूज तसाच ठेवणें बरोबर नाहीं; तो जवळजवळ दुप्पट सैल पहारेकरी ठरतो.

नवा फ्यूज एकदां घालून पाहावा. तोहि जळला तर थांबावें, तिसरा घालूं नये. आणि जाड तार, खिळा किंवा चंदेरी कागद तर मुळींच घालूं नये. आमच्या पिढीला एक वाईट खोड लागलेली आहे. चिनीमातीच्या फ्यूजला घरच्या घरीं तार गुंडाळावयाची, आणि एक पदर टिकला नाहीं तर तीन पदर घालावयाचे! मोखाड्याच्या बाजूला एका लग्नांत बेंजो-पार्टीचें यंत्र असेंच बंद पडलें तेव्हां एका उत्साही मुलानें सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद फ्यूजभोंवतीं गुंडाळलेला मीं पाहिला. यंत्र सुरू झालें, टाळ्या पडल्या, आणि वरात वेशीपाशीं पोंचण्यापूर्वीं ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. पांच-दहा रुपयांची नळी मरावयाची ती मेली नाहीं, म्हणून यंत्रांतला सर्वांत महाग भाग मेला. मांडवाला आग लागली नाहीं हें त्या वधूवरांचें भाग्य.

फ्यूज पुन्हां जळला, किंवा फ्यूज शाबूत असूनहि यंत्र निर्जीव राहिलें, तर घरच्या माणसाचें काम संपलें. यंत्राची पेटी उघडूं नये. हें मी भीति घालण्यासाठीं सांगत नाहीं. गिटारचा व्हाल्व्हचा ध्वनिवर्धक हा आजोबांच्या व्हाल्व्हच्या रेडिओचा सख्खा भाऊ आहे. ज्याच्या नांवाचे ध्वनिवर्धक जगभर गाजले तो लिओ फेंडर मूळचा रेडिओदुरुस्तीवाला. १९३८ सालीं त्यानें कॅलिफोर्नियांत फुलर्टन येथें आपलें दुकान मांडलें होतें. व्हाल्व्हला काम करण्यास ३०० ते ५०० व्होल्टांचा सरळ दाब लागतो. तो ज्यांत सांठवितात त्या कंडेन्सरांना प्लग काढल्याचें कळत नाहीं. विहिरीवरचा पंप बंद केला तरी डोंगरावरची टांकी भरलेलीच राहते, तसा तो दाब आंत कांहीं वेळ, कधीं बराच वेळ, दबा धरून बसतो. जाणता कारागीर पेटी उघडल्यावर तो आधीं रीतसर उतरवितो, उतरला कीं नाहीं तें मीटरनें पाहतो, आणि मग हात घालतो.

प्लगाच्या तिसऱ्या, जाड पिनेविषयीं सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डांत बसत नाहीं म्हणून ती पिन मोडणारे, किंवा यंत्र गुणगुणतें म्हणून तिची तार सोडणारे महाभाग मीं पाहिले आहेत. ती अर्थिंगची, जमिनीशीं नातें राखणारी तार. गिटारच्या तारा वायरीवाटे ध्वनिवर्धकाच्या लोखंडी पेटीशीं जोडलेल्या असतात. पेटींत कोठें फेज उतरली आणि अर्थिंग शाबूत असलें तर फ्यूज जळतो किंवा बोर्डावरचा खटका पडतो, आणि गोष्ट तेथेंच मिटते. अर्थिंग तुटलेलें असेल तर यंत्र मुकाट चालू राहतें, पण वादकाच्या बोटांखालच्या तारा जिवंत होतात. त्याला कांहीं कळत नाहीं. आणि तो गाण्यासाठीं पुढें होतो, त्याचा ओंठ मायक्रोफोनला लागतो, व परतीची वाट त्याच्या देहांतून पुरी होते. अर्थिंगचा दोष गिटारकडे असो वा मायक्रोफोनकडे, परिणाम एकच. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे नांवाचा स्कॉटिश गिटारवादक श्रोत्यांसमोर रंगमंचावरच मायक्रोफोनला हात लागतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. त्याचें वय सत्तावीस होतें. शाळेच्या अंगणांत ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून मुलें गातात तेव्हां मला नेहमीं त्या जाड पिनेची आठवण होते. तेव्हां बंद पडलेलें यंत्र पिन मोडून किंवा अर्थिंग सोडून चालू करण्याचा उपाय कोणीं सुचविला तर त्याला तेथून दूर करावें. त्यापेक्षां मुकें यंत्र पत्करलें.

पावसाळ्यांतल्या यंत्रांची एक निराळी सूचना. जव्हारच्या पठारावर आषाढ-श्रावणांत कपाटांतल्या कपड्यांना बुरशी येते. पेटींतल्या कागदाला, सांध्यांना आणि फ्यूजच्या चिमट्यांनाहि ओल येणारच. चिंब यंत्र चालू होतें का हें पाहण्यासाठीं खटका दाबूं नये. कोरड्या, वारा खेळत्या खोलींत तें एक-दोन दिवस ठेवावें. विस्तवाशेजारीं ठेवूं नये. त्यानें लांकूड तडकतें. पाणी पेटीच्या आंत गेल्याचा संशय असेल तर वाळल्यावरहि कारागिराला दाखवूनच तें जोडावें. पाली आणि मुंग्या उबेसाठीं आंत शिरतात. ह्यावर मजजवळ औषध नाहीं, पण यंत्र कापडी गवसणींत ठेवल्यास उपद्रव कमी होतो असा अनुभव आहे.

कारागिराकडे गेल्यावर तो काय करतो? चांगल्या दुकानांत भिंतीवर एक लांकडी बोर्ड असतो, त्याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. त्यावर ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब असतो, आणि यंत्राकडे जाणारी वीज त्या बल्बांतून जाते. यंत्र धडधाकट असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंदावतो. आंत आडवाट फुटली असेल तर तो पूर्ण तेजानें पेटून राहतो, आणि जास्तीचा प्रवाह बल्बांतच अडल्यामुळें यंत्राची आणखी हानि होत नाहीं. मग तो एकेक व्हाल्व्ह काढून पाहतो. कोणता काढल्यावर बल्ब मंदावतो तो बहुधा गुन्हेगार. कोणताहि काढून उजेड उतरला नाहीं तर संशय कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मरवर जातो. ही परीक्षा त्याला कांहीं मिनिटांची; आपल्या सांगण्यांत नेमकेपणा असेल तर त्याहूनहि कमी वेळाची.

म्हणून यंत्राबरोबर एक चिठ्ठी पाठवावी असें मी सुचवितों. तींत मत लिहूं नये, पाहिलें तेवढेंच लिहावें. बंद पडतांना वास आला कीं धूर दिसला? पाऊस होता का? वीज घरची होती कीं जनरेटरची? फ्यूज काळा पडला कीं नुसता तुटला, आणि किती बदलले? वायर बदलून पाहिली का? त्याच सॉकेटावर टेबलाचा दिवा लागला काय? जव्हारच्या त्या ध्वनिवर्धकाची चिठ्ठी लिहावयास आम्ही बसलों असतों, तर ह्या शेवटच्या ओळीपाशीं लेखणी अडली असती, कोणीतरी दिवा आणावयास उठला असता, आणि एस. टी.चें जाण्यायेण्याचें भाडें वांचलें असतें.